पाच घरांचा अभ्यास

दोस्तांनो, पिंपळे गुरवहून सातवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो विचारतो, "डॉक्टर होणाऱ्यांना पहिल्याच वर्षी ऑपरेशन शिकवतात का?" नाही रे बाबा! पहिल्या वर्षी गाठ पडते ती शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायनाच्या जाडजूड पुस्तकांशी. पण आता त्याच वर्षी आणखी एक अभ्यास सुरू होतो. तो असतो लोकांच्या घरात.

२०२१-२२ मध्ये एम.बी.बी.एस.ला प्रवेश घेतलेल्या मुलांपासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'कुटुंब दत्तक' उपक्रम देशभर लागू केला. प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं नेमून देतात. 'दत्तक' शब्दाने दचकू नका, कुणी कुणाला उचलून नेत नाही! पहिली तीन वर्षं त्याच त्या घरी पुनःपुन्हा जायचं. लहानथोरांची वजनं करायची, रक्तदाब मोजायचा, बाळांच्या लसी राहिल्यात का ते पाहायचं, पाणी कुठून येतं ते विचारायचं. आणि शिकवणाऱ्या डॉक्टरांना सगळं सांगायचं.

कल्पना मात्र जुनी आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातही ती फार आधी रुजली. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, वर्ध्याजवळ सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ते उभं केलं डॉ. सुशीला नायर यांनी. त्या गांधीजींच्या डॉक्टर, आणि १९६२ ते १९६७ या काळात देशाच्या आरोग्यमंत्री. तिथे नवी मुलं पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. पुढे त्यांची सगळी तुकडी मिळून एक गाव दत्तक घेते आणि पंधरा दिवस त्या गावातच मुक्काम ठोकते. प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं येतात आणि ती घरं पुढची काही वर्षं त्याचीच. पोळ्याला बैल सजवताना आणि कापूस वेचताना पाहिलेला माणूस उद्या दवाखान्यात आला, तर तो नुसता 'केस नंबर अमुक' राहील का?

आता आपल्याकडे येऊ. माझी भाची गेल्या वर्षी मेडिकलला लागली. तिची पाच घरं चाकणजवळच्या एका वाडीत आहेत. चाकण म्हटलं की पूर्वी कांद्याचा बाजार आठवायचा, आणि इतिहासाच्या पुस्तकातला फिरंगोजी नरसाळा. आता आठवतात गाड्यांचे कारखाने. त्यांच्या भोवतीच्या वाड्यांत जमीनमालकांनी ओळीने खोल्या बांधून भाड्याने दिल्यात. मराठवाडा, विदर्भ, बिहार, कुठून कुठून माणसं येऊन राहतात. भाचीच्या पाचांपैकी दोन घरं गावातली जुनी, तीन अशा खोल्यांमधली.

पहिल्याच दिवशी एका खोलीतल्या आजींनी विचारलं, "औषध आणलंस का?"

"नाही आजी, मी अजून डॉक्टर झाले नाही."

"मग कशाला आलीस गं?"

भाचीची बोलतीच बंद! घरी येऊन मला म्हणाली, "मावशी, त्यांचं बरोबरच आहे. मी नुसती वही भरून आले."

तिसऱ्या खेपेला तिने आजींचा रक्तदाब मोजला. वरचा आकडा १७० होता. गोळ्या चालू होत्या, पण आजी एका गोळीचे दोन तुकडे करून एकेक दिवस चालवत होत्या. दवाखान्यातल्या कागदावर याला एकच वाक्य असतं, 'रुग्ण औषध नियमित घेत नाही'. जणू आजीच हट्टी! घरात बसल्यावर कळलं ते वेगळंच. मुलगा कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर. आजींना दवाखान्यात न्यायचं म्हणजे त्याचा एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. म्हणून आजी गोळ्या पुरवून वापरत होत्या.

आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि इथे पेनिसिलिन बनू लागलं. म्हणजे औषध बनवण्यात आपलं गाव जुनंजाणतं. पण ते चाकणच्या एका खोलीत, रोज सकाळी, अख्खंच्या अख्खं पोटात जाणं ही वेगळीच खटपट आहे बरं!

भाचीने सरांना विचारलं, मग गावच्या आशाताईंना गाठलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मोफत मिळतात, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. तपासणीसाठी आशाताई आजींना सोबत घेऊन गेल्या. आता उरलं रोजचं काम. ते पत्करलं आजींच्या सातवीतल्या नातीने. शाळेत जायच्या आधी आजीला गोळी द्यायची आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला फुली मारायची. दोन महिन्यांनी वरचा आकडा १४० वर आला. भाचीने मला फोन करून सांगितलं तेव्हा तिचा आवाज ऐकायला हवा होता तुम्ही!

पालकांनो, जरा तुमच्याशी. असा विद्यार्थी दारी आला तर त्याचं ओळखपत्र जरूर पाहा. बोलायचं नसेल तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. आणि माझं स्पष्ट मत सांगते, बसने यायचं, रकाने भरायचे, फोटो काढायचा आणि निघायचं, असं झालं तर या उपक्रमात काही राम नाही.

पाचव्या खेपेला भाची गेली तर त्या खोलीला कुलूप. कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते लोक गेले. "रांजणगावकडे गेले म्हणे," मालकीणबाई म्हणाल्या. फोन लावला तर नंबर बंद. सेवाग्रामच्या खेड्यात घर वर्षानुवर्षं जागच्या जागी असतं, शेत असतं, आंगण असतं. चाकणच्या पट्ट्यात घरच उठून चालू लागतं, मग तीन वर्षं कुणाच्या घरी जायचं? सरांना विचारलं तर तेही म्हणाले, "हा प्रश्न मलाही पडलाय."

मालकीणबाई आणखी एक बोलल्या. "सामान फार नव्हतं हो त्यांचं. पण त्या पोरीने कालनिर्णय तेवढं खिळ्यावरून आठवणीनं काढून नेलं."

आता त्या खोलीत लातूरकडचं एक जोडपं आलंय. चार महिन्यांचं बाळ आहे. त्याचं लसीचं कार्ड गावाकडेच राहिलंय, त्याचा फोटो कुणाकडून तरी मागवायच्या खटपटीत सध्या आमची भाची आहे.