दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपल्याकडे सहसा उपहासाने वापरली जाते. भांडणाऱ्यांनी वेळीच शहाणे व्हावे आणि लोण्याचा गोळा माकडाच्या हाती पडू देऊ नये, असा तिचा उपदेश असतो. बाजारपेठेत मात्र हा उपदेश उलटा करून वाचावा लागतो. तेथे भांडणारे दोघे उत्पादक असतात आणि तिसरे असते गिऱ्हाईक. भांडण मिटले, किंवा दोघांपैकी एक जायबंदी झाला, की या तिसऱ्याच्या खिशाला कात्री लागते. संगणकाच्या प्रोसेसरचा गेल्या चार दशकांचा इतिहास हा याचा बोलका दाखला आहे.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा गणिती मेंदू. घरात, शाळेत आणि कचेरीत टेबलावर दिसणाऱ्या बहुसंख्य संगणकांसाठी तो पुरविणाऱ्या कंपन्या प्रामुख्याने दोनच आहेत: इंटेल आणि एएमडी. दोन्ही कॅलिफोर्नियातल्या आणि दोहोंचे संस्थापक फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या एकाच कंपनीतून बाहेर पडलेले. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली इंटेल काढली. जेरी सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एएमडी स्थापन केली. आयबीएमने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी इंटेलचा प्रोसेसर निवडला. परंतु इतक्या महत्त्वाच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर विसंबून राहण्याची आयबीएमची तयारी नव्हती. दुसरा पुरवठादार हवा, हा तिचा आग्रह होता. त्यातून १९८२ साली इंटेल आणि एएमडी यांच्यात तंत्रज्ञानाच्या देवघेवीचा करार झाला. एएमडीला या धंद्यात जागा मिळाली ती इंटेलच्या औदार्यामुळे नव्हे, तर एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या सावधपणामुळे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बाजार वाढला तशी इंटेलला ही भागीदारी नकोशी झाली. १९८५ साली आलेल्या ३८६ या प्रोसेसरचे तंत्र तिने एएमडीला दिले नाही. प्रकरण लवादाकडे गेले, लवादाने १९९२ साली एएमडीच्या बाजूने निर्णय दिला आणि १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दरम्यान १९९१ साली एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणला होता. म्हणजे निकालाची वाट पाहत बसली असती, तर ही कंपनी केव्हाच नामशेष झाली असती.

स्पर्धा असली आणि नसली तर गिऱ्हाइकाला काय फरक पडतो, याचा हिशेब अलीकडच्या काळात अगदी उघडपणे मांडता येतो. प्रोसेसरमधील गणिते करणाऱ्या स्वतंत्र विभागाला कोअर म्हणतात. हे कोअर जितके अधिक, तितकी एका वेळी अधिक कामे उरकतात. इंटेलचा चार कोअरचा प्रोसेसर २००७ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकापुढे आला. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१७ च्या जानेवारीत, तिच्या नेहमीच्या डेस्कटॉप मालिकेतील सर्वांत वरचा प्रोसेसरही चारच कोअरचा होता. या काळात, विशेषतः एएमडीची २०११ सालची नवी रचना फसल्यानंतर, इंटेलला तोडीचा प्रतिस्पर्धी उरला नव्हता. आठ कोअर हवे असतील तर इंटेल एक हजार डॉलरहून अधिक मोजायला लावी. मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन मालिकेतील आठ कोअरचा प्रोसेसर ४९९ डॉलरला आणला. त्याच वर्षी इंटेलला आपल्या नेहमीच्या मालिकेत सहा कोअर देण्याची बुद्धी झाली. पुढे २०१८ साली तिने अठरा कोअरचा जो प्रोसेसर १,९७९ डॉलरला काढला, त्याची अठराच कोअरची पुढची आवृत्ती २०१९ साली ९७९ डॉलरला आली. वर्षभरात किंमत निम्म्याने उतरली ती काही उत्पादनाचा खर्च निम्मा झाला म्हणून नव्हे. समोरच्या दुकानात दिवा लागला होता, एवढेच.

परंतु स्पर्धा केवळ मालाच्या गुणावर आणि किमतीवर चालत असती, तर वाद उरला नसता. खरा प्रश्न आहे तो सवलतीचा. रिबेट हा शब्द आपल्याला खादी भांडारामुळे परिचित आहे. गांधी जयंतीला ते जाहीर होते आणि जो येईल त्याला मिळते. प्रोसेसरच्या धंद्यातील रिबेटची जात निराळी होती. युरोपीय आयोगाने मे २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तेव्हा आपल्या निर्णयात असे नमूद केले की, व्यवसायासाठीच्या डेस्कटॉप संगणकांकरिता लागणाऱ्या प्रोसेसरपैकी किमान ९५ टक्के इंटेलकडून घ्यावेत, या अटीवर एचपी कंपनीला रिबेट दिले जात होते. एएमडीने एचपीला १० लाख प्रोसेसर फुकट देऊ केले. एचपीने त्यातले फक्त १ लाख ६० हजार घेतले.

फुकटची वस्तू कोणी का नाकारावी? उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. एका कारखानदाराला शंभर प्रोसेसर हवे आहेत. मोठ्या कंपनीची किंमत नगाला १०० रुपये; जवळजवळ सर्व माल तिच्याचकडून घेतला तर प्रत्येक नगावर २० रुपये रिबेट. म्हणजे शंभर नगांचे ८,००० रुपये झाले. आता कारखानदाराने ऐंशी नग तिच्याकडून आणि वीस प्रतिस्पर्ध्याकडून घ्यायचे ठरविले, तर रिबेट बुडते आणि ऐंशी नगांचेच ८,००० रुपये होतात. प्रतिस्पर्ध्याने आपले वीस नग फुकट दिले तरी कारखानदाराचा एक पैसाही वाचत नाही! मोठ्या कंपनीकडून काही माल घेणे अपरिहार्यच असते, आणि त्या अपरिहार्य मालावरील रिबेट ओलीस ठेवून उरलेल्या मालाचा बाजारही बंद करता येतो. वरवर पाहता हे स्वस्ताईचे औदार्य वाटते. त्याचा परिणाम मात्र दुसऱ्याचे दुकान न चालू देण्यात होतो.

इंटेलच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. मोठ्या खरेदीवर सूट देणे हा जगभरचा व्यापारी रिवाज आहे, आणि २००६ साली इंटेलने आणलेले प्रोसेसर खरोखरच सरस होते. एएमडीच्या साऱ्या आपत्तींचे खापर रिबेटवर फोडता येणार नाही. न्यायालयांनाही हा प्रश्न सोपा वाटला नाही. समान कार्यक्षमतेचा प्रतिस्पर्धी या रिबेटमुळे खरोखर बाजाराबाहेर फेकला गेला असता काय, याचे आयोगाने केलेले विश्लेषण अपुरे आहे, असे म्हणून युरोपीय न्यायालयाने २०२२ साली तो दंड रद्द केला आणि वरिष्ठ न्यायालयाने २०२४ मध्ये ते मान्य केले. प्रतिस्पर्ध्याचा माल लांबणीवर टाकण्यासाठी संगणक उत्पादकांना थेट पैसे दिल्याचा भाग मात्र टिकला आणि त्यापोटी २०२३ साली आयोगाने सुमारे ३७ कोटी ६० लाख युरोंचा नवा दंड बसविला. त्याआधीच, नोव्हेंबर २००९ मध्ये, इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातील दावे मिटविले होते.

या तारखांकडे पाहिले म्हणजे कायद्याची मर्यादा कळते. आयोगाने ज्या व्यवहारांना आक्षेप घेतला ते २००२ ते २००७ या काळातले होते. त्यांचा न्याय २०२४ साली चालू होता. तेवढ्या अवधीत प्रोसेसरच्या कितीतरी पिढ्या येऊन भंगारात गेल्या. शिवाय दंड सरकारी तिजोरीत जातो आणि तडजोडीची रक्कम प्रतिस्पर्ध्याच्या. ज्या विद्यार्थ्याने वा कारकुनाने तेव्हा चढ्या भावाने संगणक घेतला, त्याच्या हाती छदामही पडत नाही.

म्हणून एएमडीला सद्गुणाचा पुतळा मानावे काय? मुळीच नाही. २०२० च्या नोव्हेंबरात तिचे प्रोसेसर इंटेलहून सरस ठरताच तिने भाव चढविले; आधीच्या पिढीत २४९ डॉलरला असलेल्या सहा कोअरच्या प्रोसेसरची पुढची आवृत्ती २९९ डॉलरला आली. नंतर इंटेल सावरली, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये एएमडीला त्याच पिढीतला सहा कोअरचा प्रोसेसर १९९ डॉलरला द्यावा लागला. धाकटा भाऊ कर्ता झाला की थोरल्यासारखाच वागू लागतो. घराची वाटणी टिकवणे हाच त्यावर उपाय.

आज पारडे फिरले आहे. इंटेलने २०२४ साली सुमारे १५ हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली, भागधारकांचा लाभांश थांबविला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनेच तिचे सुमारे दहा टक्के भाग घेतले. कालच्या दांडगेश्वराची ही अवस्था पाहून अनेकांना समाधान वाटत असेल. ते समाधान अदूरदर्शीपणाचे आहे. एएमडी दुबळी असताना दहा वर्षे जे झाले, ते इंटेल दुबळी झाल्यावर होणार नाही, असे मानण्यास काहीच आधार नाही. गिऱ्हाइकाने कोणत्याही कंपनीचा अभिमान बाळगू नये. त्याचा पक्ष दुसऱ्या दुकानाचा, मग ते आज कोणाचेही असो.

हा पक्ष घेण्याचे सामर्थ्य एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकात नाही. ते सरकार, विद्यापीठे, बँका आणि शाळा यांच्या खरेदीत आहे. संगणक खरेदीच्या सरकारी निविदांत इंटेलचे नाव घालण्याच्या प्रथेबद्दल युरोपीय आयोगाने २००४ साली जर्मनी आणि इटली या सदस्य राष्ट्रांनाच जाब विचारला होता. कामाची गरज काय, वेग किती हवा, वीज किती खर्च व्हावी, हे निविदेत लिहावे. कारखान्याचे नाव लिहू नये, हा त्यामागचा साधा नियम. आपल्याकडेही शाळेच्या संगणक कक्षासाठी किंवा कचेरीसाठी मागणीपत्र तयार होते, तेव्हा ते लिहिणारा हात एखाद्या शिक्षकाचा किंवा कारकुनाचाच असतो. सवयीने एका कंपनीचे नाव लिहून मोकळे होणे सोपे आहे. पण १९८२ साली एका गिऱ्हाइकाने दुसरा पुरवठादार मागितला, म्हणून पुढची चाळीस वर्षे बाजारात दोन दुकाने राहिली. त्या मागणीचे मोल कोणत्याही दंडापेक्षा मोठे ठरले आहे.