भात्याची कड

अर्जुनाचे धनुष्य कोणते म्हणून विचारा; शाळकरी पोरही ‘गांडीव’ म्हणून मोकळे होईल. पण त्याच वेळी अग्नीच्या कृपेने त्याला दोन अक्षय भातेही मिळाले, हे किती जणांना आठवते? बाणाला डोक्यावर घ्यायचे आणि भाता खुंटीला टांगून विसरायचा, ही आमची जुनी खोड. तिने आज आमचे खरेखुरे नुकसान चालवले आहे, म्हणून हा भांडणाचा पवित्रा.

अक्षय भाते अर्जुनाला लाभले. ज्याला गारेचे टवके काढून एकेक टोक हाताने घडवावे लागे, त्या शिकाऱ्याचा भाता मात्र रिता होणाराच होता. लोखंड वाकले तर ठोकून सरळ करता येते. गार मोडली की मोडली! ती दाब सोसते, आडवा धक्का सोसत नाही. चालताना दोन टोके एकमेकांवर आपटली तरी धार उडायची. म्हणून भाता ताठ हवा, तळाशी काहीतरी मऊ हवे, आणि टोके एकमेकांपासून सुटी हवीत. १९९१ साली आल्प्स पर्वतातल्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. त्याच्या कातडी भात्यात चौदा बाण होते. पैकी गारेची टोके बसवलेले दोनच, बाकीच्या अर्धवट काड्या. आणि भाता दुमडू नये म्हणून त्याला लाकडी काठीचा आधार दिलेला होता! तयार बाण दोन, पण त्यांची बडदास्त केवढी!

आल्प्स दूर वाटत असेल, तर कळव्याला या. गावामागचा पारसिकचा डोंगर काळ्या बसाल्टचा. अशा खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, जास्पर तयार होतात. याच जातीच्या दगडांपासून आपल्या पूर्वजांनी नखाएवढी सूक्ष्मास्त्रे घडवली आणि ती लाकडात बसवून वापरली. मुंबईच्या परिसरातल्या अशा हत्यारांवर टॉड यांचा लेख पुरातत्त्व खात्याच्या नियतकालिकात १९५० साली आला. सांकळियांनी तर दगडी हत्यारांची घडण, नावे आणि उपयोग यांवर १९६४ साली अख्खे पुस्तक लिहिले.

आणि आमचे हौशी संग्राहक काय करतात? सुटीच्या दिवशी डोंगर-किनारे धुंडाळतात, दिसेल तो चकचकीत तुकडा उचलतात, सगळे एका पिशवीत कोंबतात आणि घरी येऊन काचेच्या वाडग्यात ओततात. पाहुण्यांसमोर वाडगा खुळखुळवतात, तेही कौतुकाने! या तुकड्यांच्या धारेवरची बारीक झीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर त्यांनी मांस कापले की लाकूड तासले, याचा अंदाज बांधता येतो. पिशवीत तुकडे एकमेकांवर घासले की धारेवर नवे ओरखडे उठतात आणि साक्षीदार खोटी साक्ष देऊ लागतो.

कोणी म्हणेल, “हजारो वर्षे मातीत टिकलेला दगड तो! पिशवीत त्याला काय होणार?” अहो, मातीने त्याला घट्ट धरून ठेवले होते. माती हाच त्याचा भाता होता. दुसरे कोणी म्हणेल, “शिकारीचे एवढे गोडवे कशाला?” शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लगाम घातला, हे उत्तमच झाले. आम्ही गोडवे गातो ते निगुतीचे.

तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटावरून उठण्यापूर्वी एवढे ठरवा. असा तुकडा दिसला तर जागचा हलवू नका. छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. घरात आधीच वाडगा भरलेला असेल, तर आजच रिकामा करा. प्रत्येक तुकडा वेगळ्या मऊ कागदात गुंडाळा, बरोबर सापडल्या जागेची चिठ्ठी ठेवा आणि ब्रशाने घासून धुण्याचा मोह आवरा. अक्षराची ओळख नसलेल्या शिकाऱ्याला जे कळत होते, ते पदवीच्या भेंडोळ्या बाळगणाऱ्यांना कळू नये काय?