बेलपाडा ते पेंधर : गावांच्या वेशींवरून संथ धाव

‘चाळिशी उलटली, वजन वाढले, डॉक्टरांनी धावण्याचा सल्ला दिला, परंतु धावायचे कोठे?’ अशा आशयाची पत्रे या सदराकडे वरचेवर येतात. व्यायामशाळेतील फिरत्या पट्ट्यावर मन रमत नाही, सोसायटीच्या आवारात तेच तेच फेरे मारून कंटाळा येतो आणि दोन आठवड्यांत बूट कपाटात जातात. म्हणून आज प्रथम विचार करू तो मार्गाचा. मन गुंतवणारी आणि पावलांना आपसूक संथ ठेवणारी वाट लाभली, तर धावणे अंगवळणी पडते.

भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत ऑलिव्हच्या बागांतून, दगडी घरांच्या जुन्या गावांतून धावण्यासाठी लोक दुरून येतात. आपल्याकडे पनवेल तालुक्यातील बेलपाड्याच्या वेशीवरून अशीच एक वाट निघते. केवळ तिच्याकडे त्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याला नाही.

नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रवाशांसाठी खुली झाली. बेलापूर ते पेंधर या सुमारे ११ किलोमीटरच्या अंतरात ११ स्थानके आहेत. म्हणजे दोन स्थानकांमध्ये सरासरी किलोमीटरभराहून किंचित अधिक अंतर. धावणाऱ्याला याहून सोयीची मोजपट्टी कोणती? बेलपाड्याहून निघालात की उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गाव, सेंट्रल पार्क, पेठपाडा, अमनदूत, पेठाली-तळोजा आणि पेंधर अशी आठ स्थानके क्रमाने येतात. पूर्ण अंतर सुमारे नऊ किलोमीटर. शिवाय जेथे थकवा येईल तेथून मेट्रोने परत फिरता येते. ‘परतीचे बळ उरेल का?’ ही नवख्याची सर्वांत मोठी चिंता या वाटेवर उरत नाही.

वाटेतील दृश्येही सामान्य नाहीत. उत्सव चौकातील वर्तुळाकार स्तंभरचना ओलांडली की पुढे डाव्या हाताला खारघरच्या डोंगररांगा सोबत करू लागतात. पावसाळ्यात त्या कड्यांवरून पाण्याच्या शुभ्र रेघा उतरतात. त्यांतील पांडवकड्याचा प्रपात १०७ मीटर उंचीचा. त्याच डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत.

या स्थानकांची नावे एकदा सावकाश वाचून पाहावीत. बेलपाडा, खारघर, पेठपाडा, तळोजा, पेंधर ही मुळात गावांची नावे आहेत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन संपादित करण्याचे ठरले. भातखाचरे आणि मिठागरे गेली; गावठाणे मात्र उंच इमारतींच्या वेढ्यात तग धरून राहिली. आजही मुख्य रस्ता सोडून शंभर पावले आत शिरले की अरुंद गल्ली, देवळापुढचा पार, दारातली तुळस आणि सकाळच्या मासळीची लगबग भेटते. अशा गल्लीत कोणी वेगाने धावूच शकत नाही. वळणे असतात, अंगणात मुले असतात, ओट्यावरची माणसे चौकशी करतात. मला वाटते, या वाटेचे औषधी मूल्य येथेच आहे.

कारण नवख्या धावपटूचे नुकसान बहुधा वेगाने होते. आधुनिक ऑलिंपिकमधील पहिल्या मॅरेथॉनची कथा यासाठी आठवावी. १८९६ साली मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत, सुमारे ४० किलोमीटर, खेड्यापाड्यांतून ही शर्यत झाली. आरंभी आघाडी घेणारा फ्रेंच धावपटू लेर्मुझिओ ३२ किलोमीटरच्या सुमारास थांबला. ८०० आणि १५०० मीटरच्या शर्यती जिंकून आलेला ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक अखेरच्या टप्प्यात कोसळला. जिंकला तो स्पिरिडॉन लुईस, मारूसी गावचा पाणी वाहणारा तरुण. वाटेतील एका गावात थांबून त्याने पेलाभर द्राक्षमद्य घेतल्याचे सांगतात. ते अनुकरणीय नव्हे. परंतु तो आपल्या चालीने धावला, हे खरे. त्याचे मारूसी आज अथेन्सचे उपनगर झाले आहे, जसे आपले बेलपाडा.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, झोप लांबली म्हणून मी सकाळी साडेआठला निघालो आणि उशीर भरून काढण्यासाठी वेग वाढवला. पेठपाड्याच्या अलीकडे डोके जड झाले, मळमळू लागले आणि भर उन्हात अंगावर काटा आला. तरीही ‘आणखी एकच स्थानक’ असे मनाशी म्हणत पुढे गेलो. वाट चुकून एका गल्लीत वळलो, म्हणून वाचलो. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी हाताला धरून सावलीत बसवले. “आधी बस बाबा. कुणी मागे लागलंय का तुझ्या?” असे म्हणत त्यांनी मानेवर ओले फडके ठेवले आणि माठातले पाणी मीठ-साखर घालून घोट घोट पाजले. इतरांना आरोग्याचे सल्ले देणारा मी त्या प्रश्नापुढे निरुत्तर झालो. मागे कोणीही लागले नव्हते.

त्या सकाळी शरीरात काय घडत होते, हे समजून घेऊ. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ती उष्णता घामाच्या बाष्पीभवनाने कमी होते. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत घाम येतो. परंतु तो वाळत नाही, नुसताच ठिबकतो. शरीर थंड होत नाही आणि पाणी मात्र निघून जाते. म्हणूनच पारा चाळिशीच्या आत असला तरी धोका असतो. याच खारघरमध्ये १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या समारंभात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ती माणसे धावत नव्हती, केवळ बसलेली होती. ज्यांना या परिसरात धावायचे आहे, त्यांनी ही तारीख विसरू नये.

आता प्रत्यक्ष आखणी पाहू. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, सूर्योदयाच्या सुमारास निघावे. पहिल्या पंधरवड्यात बेलपाडा ते केंद्रीय विहार, एवढेच अंतर. एक मिनिट संथ धाव आणि दोन मिनिटे चाल, असा क्रम वीस-पंचवीस मिनिटे ठेवावा. पुढच्या पंधरवड्यात दोन मिनिटे धाव आणि दोन मिनिटे चाल करीत खारघर गावापर्यंत जावे. तिसऱ्यात सेंट्रल पार्क. पेंधरची घाई नको. तीन-चार महिन्यांनी ते आपोआप जवळ येते. वेगाची कसोटी एकच : सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की चालावे. उन्हाळ्याच्या आरंभी शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस अंतर निम्मे करावे.

धावताना चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा काटा आला, तर त्या क्षणी थांबून सावली गाठावी. अंगावर पाणी घ्यावे, वारा घ्यावा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. तोंडात काही घालू नये. सर्वांग ओले करून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत गार करणे थांबवू नये.

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आणि पूर्वी कधी छातीत दुखलेल्यांनी तपासणीशिवाय आरंभ करू नये. इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. रस्त्याच्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. गल्लीत कुत्री भुंकली तर धाव थांबवून शांतपणे चालावे. पावसाळ्यात पांडवकड्याचा मोह टाळावा. तेथे अनेकांचे जीव गेले आहेत आणि त्या काळात प्रवेशास बंदी असते. पेंधरच्या पलीकडे तळोज्याचे कारखाने आहेत. हवेत उग्र वास किंवा धुरके जाणवले, तर त्या दिवशी सेंट्रल पार्कवरूनच परतावे.

एक सूचना कुटुंबासाठी. रविवारी सर्वांनी मिळून निघावे. ज्याला धावायचे आहे त्याने धावावे, आजी-आजोबांनी मेट्रोने खारघर गावच्या स्थानकावर यावे आणि तेथून सर्वांनी गावठाणातून एक फेरी चालत मारावी. कोणी ओट्यावरून हाक मारली तर अवश्य थांबावे. घड्याळात त्या किलोमीटरची वेळ लांबेल. ती लांबू द्यावी. मागे कोणी लागलेले नाही.