ड्रोन पाडू नका, त्याचे फोटो मागा



मागच्या बैठकीत एक जण उठून म्हणाला, "आता वीज कंपनी ड्रोन आणणार. आकडे शोधणार, मोटारी मोजणार. आपल्या शिवारावर आला की गोफणीने पाडू!" सगळे हसले, टाळ्या पडल्या. ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्याच्या तोंडी ते शोभूनही दिसलं. टाळ्या थांबल्यावर मी बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून आज लिहितो. गोफण जरा बाजूला ठेवा.

हे यंत्र काय दाखवतं ते मी रत्नागिरी जिल्ह्यात पूर्णगडला पाहिलं. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. टेकडावर छोटा किल्ला, खाली खाडी. आंबा बागायतदारांच्या बैठकीला गेलो होतो. खाडीच्या पुलाजवळ लग्नाचं शूटिंग करणारा एक पोरगा ड्रोन उडवत होता. म्हटलं, बाबा, नवरा-नवरी राहू दे घटकाभर, तारेपासून लांब ठेवून त्या खांबाचं टोक दाखव. खालून धडधाकट दिसणारा खांब. पडद्यावर पाहिलं तर आडव्या पट्टीला गंजाचे पापुद्रे सुटलेले, चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर. खाऱ्या हवेचा हा प्रताप. पहाटेचं दव किंवा पावसाची पहिली भुरभुर पडली की तो थर ओला होतो, त्यावरून वीज सरकते आणि लाईन बंद पडते. शेजारचा बागायतदार म्हणाला, "पहिल्या पावसात लाईट जाते ती यानेच होय!" वीस-पंचवीस वर्षं त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांत कळलं.

एवढं काम लग्नातला ड्रोन करतो. वीज कंपन्यांच्या ड्रोनवर उष्णता टिपणारा कॅमेराही असतो. सैल जोड तापतो, तो चित्रात वेगळ्या रंगात उठून दिसतो. मग हे हजारो फोटो माणूस बघत बसत नाही, संगणक बघतो. त्याला आधी फुटक्या आणि धड इन्सुलेटरचे ढीगभर फोटो दाखवून शिकवलेलं असतं. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती ही. कृषी महाविद्यालयात पानावरचे ठिपके ओळखायला आम्ही असेच शिकलो. फरक एवढाच की आम्हाला नापासही करत.

ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने ड्रोनचे नवे नियम केले, परवानग्या सोप्या झाल्या. आपल्या राज्यात महापारेषणने अतिउच्चदाबाच्या मनोऱ्यांच्या पाहणीला ड्रोन आणले आहेत. चांगलं केलं. माणूस मनोऱ्यावर चढून जीव धोक्यात घालत होता, ते वाचतं. माझं भांडण यंत्राशी नाही. ते कुठे फिरतं, केव्हा फिरतं आणि त्याचे फोटो कुणाच्या कपाटात जातात, याच्याशी आहे.

गुलाबी बोंडअळीची पाहणी तुम्ही कशी करता? कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा बोंडं किडकी निघाली, की फवारणी. पण ती बोंडं रानभर फिरून तोडायची. धुऱ्यावरची चार झाडं बघून घरी आलात तर मी तुम्हाला शहाणा म्हणणार नाही. मनोऱ्यांवर ड्रोन आणि शेतातल्या खांबाकडे पाठ, हे धुऱ्यावरून केलेलं निरीक्षण आहे. मनोरा पडला तर शहर अंधारात जातं, म्हणून तिथे डोळा. आपल्या रानातली तार तुटली तर बैल मरतो, गंजी पेटते, कधी घरधनीच जातो.

आणि आपलं दुखणं कोकणाहून वेगळं आहे. तिथे मीठ, इथे माती. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पुरलेला खांब दोन-चार वर्षांत कलतो. खांब कलला की तारेला झोळ येतो. 2010 च्या केंद्रीय नियमांत शेतावरून जाणाऱ्या 11 केव्हीच्या उघड्या तारेची उंची किमान 4.6 मीटर ठेवली होती. तुमच्या रानात मोजून बघा, पण लांबूनच. कडब्याची भरलेली गाडी खालून नेताना किती जणांचा जीव मुठीत असतो, ते मला सांगायला नको. वैशाखाच्या वावटळीत झोळाच्या तारा एकमेकींना लागतात, ठिणगी पडते आणि वर्षाचा चारा अर्ध्या तासात राख होतो. या झोळावर आपला इलाज काय, तर दोन तारांच्या मधे बांधलेला प्लास्टिकच्या पाईपचा तुकडा! संगणकाला ज्या फोटोंवर शिकवलं, त्यांत हा पाईप आहे का, हे कुणी तरी विचारा.

केव्हा फिरतं तेही विचारा. जोड तापतो तो त्यातून वीज जात असताना. शेतीला थ्री फेज रात्रीच्या पाळीत असेल आणि ड्रोन दुपारी उडवला, तर सगळे जोड थंडगार दिसतील. संगणक लिहील, लाईन ठीक. तुम्ही रात्री दोनला पाणी द्यायला चिखलात उतराल तेव्हा तीच लाईन तापलेली असेल.

आता कपाटाकडे वळू. 2021 या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांवर माणसं मेल्याची सरकारी नोंद आहे. मेला की आपल्याला एकच उत्तर मिळतं: अपघात, कंपनीला कल्पना नव्हती. माझ्या गावात शेजाऱ्याची बैलजोडी पडक्या तारेवर गेली, तेव्हा साहेबांनी हेच लिहून दिलं. ड्रोनने फोटो काढला की हे उत्तर संपलं. फोटोवर तारीख असते, जागा असते. मार्चमध्ये यंत्राने दोष पाहिला आणि जूनमध्ये तार पडली, तर मधले तीन महिने कंपनी काय करत होती?

अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोव्हेंबर 2018 मध्ये एका विजेच्या मनोऱ्यावरचा झिजलेला लोखंडी आकडा तुटला. त्यातून पेटलेल्या वणव्यात 85 माणसं गेली. तो मनोरा जवळजवळ शंभर वर्षांचा होता. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीने 2020 मध्ये कोर्टात 84 मृत्यूंचा गुन्हा कबूल केला. आता तीच कंपनी आपल्या लाईनींवर ड्रोन फिरवते. बैल गेला आणि झोपा केला!

आपल्याकडचा कायदाही वाटतो तेवढा लुळा नाही. मध्य प्रदेशात रात्री सायकलवरून घरी निघालेला एक माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने मेला. वीज मंडळ म्हणालं, ती तार दुसऱ्याच कुणी चोरून वीज घ्यायला ओढली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2002 मध्ये सांगितलं, वीज धोक्याची चीज आहे, ती खेळवणाऱ्यानेच नुकसान भरून द्यायचं, हलगर्जी सिद्ध करण्याची गरज नाही. गोफणवाल्या भावा, आकड्याची तुझी भीती मला समजते. ड्रोनला आकडा दिसेल, नाही कशाला म्हणू? पण त्याच फोटोत कंपनीचा सडका खांबही दिसेल. एक दाखवायचा आणि दुसरा लपवायचा, हे चालू द्यायचं नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना गोफणीऐवजी वही आणा. शिवारातल्या प्रत्येक कललेल्या खांबाचा नंबर, गट नंबर आणि पाहिल्याची तारीख लिहा. नंबर पुसला असेल तर तसं लिहा. त्या यादीचा अर्ज उपविभागाच्या कार्यालयात देऊन पोच घ्यायची. ड्रोन फिरला असेल तर 2005 च्या माहितीच्या कायद्याखाली त्या लाईनचे फोटो आणि संगणकाचा अहवाल मागायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फिरला नसेल तर तेही लेखी घ्यायचं. अपघात झालेल्या घरच्यांनी विद्युत निरीक्षकाच्या चौकशी अहवालाची प्रत सोबत आणावी. अर्जाचे कोरे नमुने मी घेऊन येतो.