गॅलरीच्या आतली खोली

यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘घर आणि गल्ली’ हा विषय जाहीर केला आणि लेखांचा पूर आला. गिरगाव, दादर, परळ, लालबाग. लिहिणारे बहुतेक साठीपुढचे, आणि जवळजवळ प्रत्येक लेखात एक गॅलरी. गॅलरीत वाळणारे पापड, शेजारच्या काकूंनी दिलेली आमटीची वाटी, दिवसभर उघडी दारं, एकाच्या रेडिओवर अख्ख्या माळ्याची करमणूक. लेख मनापासून लिहिलेले आहेत, त्यांत खोटं काही नाही. तरीही ते वाचताना मी वर्षभर अस्वस्थ होत गेलो. या लेखांतलं कुणीही गॅलरीतून खोलीत पाऊल टाकत नाही.

मी फणसवाडीतला. ठाकूरद्वार आणि काळबादेवी यांच्या मधली ही वाडी. व्यंकटेशाच्या देवळाचं द्राविडी गोपूर बघत आम्ही वाढलो. ब्रह्मोत्सवात देवाची वाहनं निघाली की मराठी, गुजराती, मद्रासी अशी सगळी पोरं मागे धावत. आकाशकंदिलाच्या कामट्या, बोटांना चिकटलेली खळ, पाच घरांनी मिळून केलेल्या चकल्या, हा गोडवा मलाही ठाऊक आहे आणि तो मी कुणाला देऊन टाकणार नाही.

पण आमची खोली एक होती आणि माणसं आठ. पाणी पहाटे यायचं, म्हणून आई त्याच्याही आधी उठायची. पिंप, हंडे, कळश्या वेळेत भरल्या नाहीत तर घराचा पुढचा सगळा दिवस कोरडा. मोरी खोलीतच, पडद्याआड. बायकांच्या आंघोळीच्या वेळी पुरुषांनी बाहेर जाऊन उभं राहायचं. थोरल्या भावाचं लग्न झालं तेव्हा त्याला आणि वहिनीला पोटमाळा दिला आणि आम्ही धाकटे अंथरुणं घेऊन गॅलरीत आलो. गॅलरीत झोपण्याची मजा बहुतेकांनी लिहिली आहे. आत जागा नव्हती म्हणून बाहेर झोपत होतो, हे वाक्य मला एकाही लेखात सापडलं नाही. संडास माळ्याच्या टोकाला. गुडघे गेलेल्या आजीला दोघांनी धरून न्यावं लागे. रांगेतली माणसं तिला पुढे सोडत. हा शेजारधर्म खरा. आणि सगळ्यांदेखत असं जावं लागतं याची आजीला वाटणारी लाजही खरी. ‘बटाट्याची चाळ’ वाचून आपण पोट धरून हसलो, पण पुलंनी त्या पुस्तकाचा शेवट एका चिंतनाने केला आहे, तो किती जणांना आठवतो?

वर्षाचा आढावा मोठा घेत नाही. जयंत नारळीकर गेले. शिवकालीन १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. आणि अंक छपाईला जात असताना भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागली: ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यांत गिरगाव आणि काळबादेवी. या मेट्रोला माझा विरोध नाही, मी तिने जाणार आहे. पण या दोन स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि तिथल्या कुटुंबांना, याच भागात परत आणण्याचं वचन घेऊन, वर्षानुवर्षं बाहेर राहावं लागलं. स्थानकाच्या उद्घाटनाच्या बातम्यांत ही माणसं मी शोधत होतो.

आपल्या चाळी टिकल्या त्या केवळ प्रेमावर नव्हेत. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्या भाड्यामुळेच गिरणीकामगार, कारकून, कंपॉझिटर आणि मास्तर दक्षिण मुंबईत राहू शकले. नाटक मंडळ्या, व्यायामशाळा आणि आपले दिवाळी अंकही त्यांच्याच जिवावर उभे राहिले. त्याच भाड्यात मालकांनी डागडुजी सोडून दिली. १९६९मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, उपकर आला आणि टेकू आले. काही इमारतींत मुलांनी जन्मापासून टेकूच पाहिले. आज पुनर्विकासात विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७)च्या नियमाने भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं. दीडशे फुटांत तीन पिढ्या काढलेल्या बाईने संमतीपत्रावर सही केली, तर तिने संस्कृती मोडली असं मुलुंडच्या किंवा पुण्याच्या ब्लॉकमधून लिहायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला गिरगावात फडके गणपतीपाशी यायचं, वाडीत फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. तिने मात्र त्याच जिन्याने पाणी चढवत राहावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

माझा खरा राग याच्याही पुढचा आहे. ज्याच्या नावाची भाडेपावती, त्यालाच नवं घर. म्हणजे पोटभाडेकरू गेला. जिन्याखाली संसार मांडलेला इस्त्रीवाला गेला. गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने पथारी टाकणारे चाकरमानी गेले. माझ्याकडे आलेल्या लेखांच्या गठ्ठ्यातूनही नेमकी हीच माणसं गेली आहेत. कागदावर ज्यांना जागा नाही त्यांना आपल्या आठवणींतही जागा नसावी, हे मला सहन होत नाही. त्यांच्या हाताचं खाऊन, त्यांच्या खांद्यावर बसून आपण लहानाचे मोठे झालो.

म्हणून या अंकात गॅलरीचे लेख मोजकेच घेतले आहेत. बाकीचे परत पाठवताना प्रत्येक लेखकाला एकच विनंती केली: आपल्या माळ्यावर रात्री जेवढी माणसं झोपत होती तेवढी सगळी लिहा, आणि भाडेपावतीवर ज्यांचं नाव नव्हतं त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांतले काही लेख नव्याने लिहून आले. ते पुढे छापले आहेत, सावकाश वाचा.

आमच्या शेजारच्या खोलीत एक मावशी डबे करून देत. मूळच्या राजापूरकडच्या, मंगळवारी उपास धरायच्या, आणि परीक्षेच्या दिवसांत आम्हा पोरांना डब्यातली एक पोळी जास्त द्यायच्या. इमारत रिकामी झाली तेव्हा पावतीवर नाव नसल्याने त्यांना काहीच मिळालं नाही. वाचकांपैकी कुणाला त्यांचा किंवा त्यांच्या मुलीचा ठावठिकाणा माहीत असेल, तर अंकाच्या पत्त्यावर कृपया कळवा.