फितूर कोण?

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरच्या बाजूस, एखाद्या भिल्ल घराण्याला १८५८ च्या आंबापाणीच्या लढाईत पडलेला पूर्वज सापडला तर त्याचा गौरव होतो; खानदेश भिल्ल पलटणीतला शिपाई वा वाटाड्या सापडला तर ‘फितूर’ म्हणून त्याचे नाव गाळले जाते. हा न्याय सोयीचा आहे, खरा नव्हे. १८१८ मध्ये खानदेश घेतलेल्या इंग्रजांना निव्वळ बंदुकीने डोंगर आवरेना, तेव्हा १८२५ मध्ये औट्रमने धरणगावास भिल्लांचीच पलटण उभारली. माणसाचे हक्क हिरावायचे, पुढे पगार टाकायचा, आणि त्याने तो उचलला की दोष त्याचा! खुद्द खाजा नाईक १८५७ च्या उठावापूर्वी सरकारी पगारावर सेंधवा घाट राखीत असे.

पलटणीचे गोडवे मात्र नकोत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडून लढलेल्यांच्या वंशजांनी पुतळे उभारले आणि ते युद्ध गुलामगिरी टिकवण्यासाठी होते हेच झाकले. येथे शिपायाचे नाव हुतात्म्यांच्या शेजारी लिहावे, आणि त्याला भरती करणाऱ्या सत्तेचेही.