मदरबोर्ड निवडताना

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न हल्ली ठरलेला असतो : मुलांसाठी संगणक घ्यावयाचा आहे, तो तयार घ्यावा, की सुटे भाग आणून घरीच जुळवावा? जुळविलेल्या संगणकाचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि गरज वाढेल तशी त्याची शक्तीही वाढविता येते. ज्या घरी एखादा मुलगा वा मुलगी हौशी आहे, हात स्थिर आहे आणि वाचून समजून घेण्याची तयारी आहे, त्या घराने जुळविण्याचे धाडस अवश्य करावे. परंतु एक गोष्ट आमच्या नेहमी नजरेस येते. दुकानदाराचे कोटेशन हाती पडले, की मंडळी प्रोसेसरचे नाव विचारतात, मॉनिटर किती इंचांचा ते विचारतात आणि मदरबोर्डाच्या ओळीपुढे जे लिहिले असेल त्यावर मुकाट्याने मान डोलावतात. त्या एका ओळीविषयीच आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

मदरबोर्ड ही संगणकातील मुख्य पाटी होय. प्रोसेसर, रॅम, डिस्क, वीजपुरवठा हे सारे तिच्यावर येऊन बसतात किंवा तिला जोडले जातात, आणि एकमेकांशी त्यांचा जो व्यवहार होतो तो तिच्याच द्वारे होतो. रॅम कमी पडली तर आणखी एक पट्टी बसविता येते; डिस्क भरली तर दुसरी जोडता येते. मदरबोर्ड बदलावयाचा झाला, तर मात्र सारा संगणक उसवावा लागतो, आणि पुष्कळदा जुना प्रोसेसर व जुनी रॅम नव्या बोर्डावर बसतच नाहीत. एका चुकीपायी तीन वस्तूंचा खर्च अंगावर येतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की ज्या वस्तू पुढे सहज बदलता येतात त्यांत काटकसर करावी. जी सहज बदलता येत नाही तिच्यात करू नये.

प्रथम एका फसगतीपासून सावध करणे आम्हांस अगत्याचे वाटते. बाजारात 'कोअर आय-५, नवा संगणक, एक वर्षाची हमी' असे सांगून फार स्वस्तात जोडण्या विकल्या जातात. 'आय-५' हे नाव इंटेल कंपनीने २००९ साली प्रथम वापरले आणि पुढे चौदाव्या पिढीपर्यंत तेच चालविले. त्यामुळे नुसत्या नावावरून प्रोसेसरचे वय कळत नाही. ते पुढील आकड्यांवरून कळते. आय-५ २४०० हा दुसऱ्या पिढीचा, आय-५ ३४७० हा तिसऱ्या पिढीचा आणि आय-५ १२४०० हा बाराव्या पिढीचा. स्वस्त जोडणीत बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर असतो आणि त्याखाली 'एच६१' जातीचा बोर्ड असतो. बोर्डाची पेटी कोरी करकरीत असते, परंतु एच६१ ही चिपसेट २०११ सालची आहे. तिच्यावर डीडीआर-३ ही मागील जमान्यातील रॅम लागते, आणि तिच्या स्वतःच्या साटा जोडण्या ताशी चालणाऱ्या बैलगाडीसारख्या, म्हणजे आजच्या साटाच्या निम्म्या वेगाच्या असतात.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ साठी कंपनीच्या नियमाप्रमाणे इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर, किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढील प्रोसेसर लागतो. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. एच६१ ची जोडणी ह्या कसोटीस उतरत नाही. असा संगणक अगदीच निरुपयोगी असतो असे नव्हे. लिनक्स घालून त्यावर लिहिणे-वाचणे चालते. परंतु भात विकून अथवा डेअरीला दूध घालून वर्षभर साठविलेले पैसे नवी वस्तू समजून त्यात घालावेत, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. जुनी वस्तू जुनी म्हणून, जुन्याच्या किमतीत घेणे वेगळे. नवी म्हणून घेणे वेगळे.

आता निवडीच्या क्रमाकडे वळू. आधी काम ठरवावे, कामावरून प्रोसेसर ठरवावा आणि प्रोसेसरवरून बोर्ड. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि प्रत्येक सॉकेटचे कूळ वेगळे असते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीस एलजीए १७०० हे सॉकेट लागते. ते २०२१ साली आले. २०२४ साली आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेस एलजीए १८५१ लागते. एएमडीचे एएम४ हे सॉकेट रायझन प्रोसेसरांसह २०१७ साली सर्वांच्या हाती आले, तर एएम५ हे २०२२ साली आले.

सॉकेटच्या आयुष्याला एवढे महत्त्व का, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. ज्याने २०१८ साली एएमडीचा बी४५० जातीचा बोर्ड घेतला, त्याला बायोस अद्ययावत करून पुढे त्याच बोर्डावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसविता आला; केवळ एक भाग बदलून संगणक तरुण झाला. उलट, इंटेलचे एलजीए ११५१ हे सॉकेट २०१५ साली आले, आणि २०१७ साली आठव्या पिढीचे प्रोसेसरही ११५१ याच आकड्याच्या सॉकेटसाठी निघाले. तरीही जुन्या बोर्डावर ते चालेनात, नवा ३०० मालिकेचा बोर्डच घ्यावा लागला. यास्तव नुसता सॉकेटचा आकडा जुळला म्हणून निश्चिंत राहू नये. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. तीत आपल्या प्रोसेसरचे नाव शोधावे आणि त्यासमोर बायोसची कोणती आवृत्ती लागते तेही पाहावे. पेटीतील बोर्डावर जुनी आवृत्ती असेल, तर ती आधीच चढवून देण्यास दुकानदारास सांगावे.

दुसरी बाब रॅमची. डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांस २८८ टोके असतात, परंतु मधली खाच निरनिराळ्या ठिकाणी असल्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. एएम४ बोर्डावर डीडीआर-४ च चालते. एएम५ व एलजीए १८५१ वर डीडीआर-५ च. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारचे निघाले आहेत, म्हणून तेथे नाव नीट वाचावे. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. ज्यांच्या घरी चांगली डीडीआर-४ रॅम आधीच आहे, त्यांनी हिशेब करताना तीही गृहीत धरावी. सारेच नवे घ्यावयाचे असेल आणि पुढे प्रोसेसर बदलण्याची आशा असेल, तर आमचा कल एएम५ कडे आहे. आधी एकच पट्टी घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवणे, यात काही कमीपणा नाही.

तिसरी बाब आकाराची. एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस, आणि मिनी-आयटीएक्स १७० मिलिमीटर चौरस असतो. घरगुती उपयोगास मायक्रो-एटीएक्स पुरेसा होतो. मिनी-आयटीएक्स दिसतो सुबक, पण त्यावर जादा कार्डासाठी एकच जागा असते आणि किंमतही पुष्कळदा अधिक पडते.

चौथी बाब जोडण्यांची. डिस्कसाठी एम.२ ची निदान एक जागा असावी आणि तीत एनव्हीएमई डिस्क चालावी. दोन असल्या तर उत्तम. मागील बाजूस यूएसबीची छिद्रे किती ते मोजावे. कीबोर्ड, माऊस व प्रिंटर लागले, की किती उरतात ते पाहावे. बोर्डावर एचडीएमआयची जोडणी दिसली, म्हणजे मॉनिटरवर चित्र उमटेलच असे नाही. चित्र काढण्याची शक्ती प्रोसेसरमध्ये असावी लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यांत ती नसते. रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे नसेल, तर एवढे एक अक्षर दहा वेळा तपासावे.

कोठे पैसे वाचवावेत, तेही सांगतो. प्रोसेसरचा वेग नेमापलीकडे वाढविण्याची सोय, रंगीबेरंगी दिवे, जाडजूड शोभेची आवरणे यांवाचून अभ्यासाचे काही अडत नाही. इंटेलचा झेड अक्षराचा किंवा एएमडीचा एक्स अक्षराचा महाग बोर्ड शाळा-कॉलेजच्या मुलास लागत नाही. बी अक्षराचा मध्यम बोर्ड बहुतेकांस योग्य. एच६१० किंवा ए६२० सारखा साधा बोर्डही लहान प्रोसेसरखाली चांगली सेवा देतो. मात्र त्यावर अधिक वीज खाणारा मोठा प्रोसेसर लादू नये. कारण प्रोसेसरला वीज पुरविणारे सॉकेटजवळील भाग त्यात तुटपुंजे असतात व तापतात. वाचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसवर आणि यूपीएसवर खर्चावेत. आपल्या खेड्यांतील विजेचे खेळ आपण जाणतोच. घरास अर्थिंग नीट नसेल, तर ते आधी करून घ्यावे.

शेवटी खरेदीविषयी. बोर्डाचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. नामांकित कंपन्यांच्या बोर्डांस आपल्याकडे बहुधा तीन वर्षांची हमी असते. बिल नसेल तर ती मागणार कशी? सॉकेटवरील प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे, आणि एएम५ वा इंटेलच्या सॉकेटमधील बारीक पिनांस बोटही लावू नये. त्या वाकल्या तर हमी सहसा लागू होत नाही.

पालकहो, कोटेशन हाती आले म्हणजे त्याच दिवशी होकार देऊ नका. ते घरी आणा, मुलांना जवळ बसवा आणि सॉकेट, चिपसेट, रॅम व प्रोसेसरचा आकडा या चार गोष्टी एका कागदावर लिहून ताडून पाहा. ज्या मुलाने असा एक बोर्ड स्वतः तपासून निवडला, त्याला संगणक चालविणे तर येईलच. शिवाय भपक्याला न भुलता वस्तू पारखून घेण्याची सवयही लागेल, आणि ती पुढे संसारातही उपयोगी पडेल.